झिजलेल्या चांदीच्या नाण्यांचा आल्बम: सोलापुरात सुरुवात कशी करावी

सराफाकडे जाऊन जुना कलदार रुपया, म्हणजे इंग्रजी राजवटीतला चांदीचा रुपया मागितला, की तो आधी चकचकीत रुपया काढतो. व्हिक्टोरिया राणीचे नाक-डोळे स्वच्छ, कडेचे दाते शाबूत, भाव चढा. त्याच डब्यात तळाशी काळसर, गुळगुळीत झालेली नाणी पडलेली असतात. ती मोडीत जाणार असतात, म्हणजे थोड्या दिवसांत वितळून त्यांची जोडवी किंवा समई होणार असते. ही तळातली नाणी वेचून, त्यांचा नीट लावलेला आल्बम कसा उभा करायचा, ते मी इथे सांगणार आहे.

झिजलेलं नाणं जमवण्यामागे माझं कारण साधं आहे. कोरं राहिलेलं नाणं कुणाच्या तरी तिजोरीत पडून होतं. झिजलेलं नाणं बाजारात फिरलं. सोलापुरात ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली १८७७ साली, आणि ‘एम्प्रेस’ असा किताब लिहिलेली राणीची नाणी पडायला लागली तीही १८७७ पासूनच. गिरणीचा पगार, ज्वारीची पोती, मागावरचं सूत, गड्ड्याच्या यात्रेतला खर्च हे सगळं याच रुपया-पावलीत झालं. नाण्यावरची नक्षी गेली ती त्या व्यवहारांत गेली. शिवाय खिशाला परवडतं: चांदीच्या भावाच्या आसपास पैसे देऊन दीडशे वर्षांपूर्वीची नाणी हातात येतात.

पण एक गोष्ट आधीच मनाशी धरा. झिजलेली नाणी स्वस्त मिळतात म्हणून आल्बम सोपा होत नाही. एकसारखी झीज, एकसारखा रंग, न घासलेला पृष्ठभाग आणि वाचता येणारं साल, हे सगळं असलेली नाणी शोधायला चकचकीत नाण्यांपेक्षा जास्त चिकाटी लागते.

पहिली पायरी: नाण्यांची ओळख

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या चांदीच्या नाण्यांची चार मापं लक्षात ठेवा. रुपया ११.६६ ग्रॅम, अधेली ५.८३, पावली २.९२ आणि चवली १.४६. म्हणजे आठ आणे, चार आणे, दोन आणे असं निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारं वजन. रुपयाचं ११.६६ हे वजन जुन्या तोळ्याइतकंच आहे. म्हणूनच सराफ आणि वाणी रुपयाच वजन म्हणून तराजूत टाकायचे. आजच्या सराफाचा तोळा दहा ग्रॅमचा असतो, त्यामुळे त्याने ‘एक तोळ्याला एवढा भाव’ सांगितला तर कोणता तोळा ते विचारून घ्या.

१८३५ पासून १९३९ पर्यंतच्या या नाण्यांत बारा भागांत अकरा भाग चांदी होती. कोऱ्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० पासून प्रमाण निम्म्यावर आलं, तेव्हा त्या रुपयात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅमच भरते. १९४७ चा रुपया तर निकेलचा. मागे वाघ असलेला हा रुपया चुंबकाला चिकटतो. तुम्हाला ‘जुना चांदीचा’ म्हणून कुणी तो देऊ लागला, तर खिशातलं छोटं चुंबक लावून बघा.

राजवटींचा क्रम असा. १८३५ ला चौथा विल्यम, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने. मग १८४० साल घातलेले तरुण व्हिक्टोरियाचे कंपनी रुपये. हे अनेक वर्षं पडत राहिले, पण साल १८४० च राहिलं. यांत दोन प्रकार आहेत: एकात राणीचं नाव डोक्यावरून सलग गेलेलं, दुसऱ्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना तुटलेलं. १८६२ पासून मुकुटवाली राणी, नाव ‘व्हिक्टोरिया क्वीन’. १८७७ पासून तीच राणी ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’. १९०३ ते १९१० सातवा एडवर्ड, टकला आणि दाढीवाला, रुपयावर मुकुटाशिवाय. १९११ पासून पंचम जॉर्ज, आणि शेवटी सहावा जॉर्ज, ज्याचे चांदीचे रुपये १९४५ ला संपतात.

दुसरी पायरी: आल्बमचं पान ठरवणं

सुरुवातीला सगळंच जमवायचं मनात येतं आणि डबा भरतो, आल्बम मात्र होत नाही. पान आधी ठरवा, नाणी मग शोधा. मी नवख्यांना तीन पानं सुचवतो, त्यांतलं एकच निवडा.

पहिलं, राजवटींचं पान. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रकाराचा एकेक रुपया: विल्यम, कंपनीची राणी, क्वीन, एम्प्रेस, एडवर्ड, पंचम जॉर्ज, सहावा जॉर्ज. सात जागा. एका पानावर शंभरेक वर्षांचा कारभार दिसतो. विल्यमचा आणि १८४० चा रुपया झिजलेला असला तरी चांदीच्या भावापेक्षा थोडा जास्त द्यावा लागतो. बाकीचे सहज मिळतात.

दुसरं, एडवर्डचं पान. १९०३ ते १९१०, आठ वर्षं, आठ रुपये. माझ्या मते नवख्यासाठी हे सगळ्यात चांगलं. मर्यादा लहान, सालं सलग, आणि बाजारात हे रुपये पुष्कळ आहेत. हे झालं की मुंबई आणि कलकत्ता अशा दोन्ही टांकसाळींचे वेगळे जमवून हेच पान दुप्पट करता येतं.

तिसरं, पंचम जॉर्जच्या चवल्यांचं पान. १९११ ते १९१७, सात जागा. त्यानंतर १९१८ पासून चवली कप्रोनिकेलची झाली, कारण पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मिळ झाली होती. त्याच टंचाईत ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट आली.

खरी, अंगभर झीज बघायची असेल तर चवली आणि पावलीकडेच जा. रुपया लोक साठवून ठेवायचे. तो उतरंडीत, जमिनीत, लग्नाच्या पेटीत बसून राहायचा. चवली-पावली मात्र रोज भाजीवालीकडून टांगेवाल्याकडे, त्याच्याकडून वाण्याकडे जायची. त्यामुळे १९१८ चा रुपया बऱ्यापैकी तरतरीत सापडतो, आणि त्याच काळातली पावली चपटी झालेली असते.

तिसरी पायरी: झीज ओळखायला शिकणं

नाण्यांच्या बाजारात प्रतीला इंग्रजी नावंच चालतात: फाईन, व्हेरी गुड, गुड, अबाउट गुड. नवखा इथे फसतो, कारण ‘गुड’ म्हटलेलं नाणं बरंच झिजलेलं असतं. गुड म्हणजे आकृतीची बाह्यरेषा आहे, साल पूर्ण वाचता येतं, कडेची रेघ अक्षरांना टेकायला लागली आहे. अबाउट गुड म्हणजे कडेने अक्षरांचे शेंडे खाल्ले आहेत. आल्बमसाठी व्हेरी गुड आणि गुड यांच्या मधली प्रत धरा. याहून खाली गेलात तर साल जातं, आणि साल गेलं की त्या नाण्याला पानावर जागा देता येत नाही.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. उंच भाग आधी जातो. राणीच्या नाण्यावर आधी गाल आणि कानावरचे केस जातात, मग मुकुटाची पट्टी, मग अंगरख्यावरची नक्षी. एडवर्डचा कान आणि दाढीच्या बटा. पंचम जॉर्जच्या मुकुटाचा पट्टा, भुवई, आणि झग्यावरचा हत्ती.

एक एडवर्डचा रुपया हातात घेऊन बघूया. १९०४ चा. दाढी आता एक सपाट तुकडा झाली आहे, तिच्यात एकही केस वेगळा नाही. कानाच्या जागी एक बारीक चंद्रकोर उरली आहे. नाण्याच्या कडेला नाव पूर्ण आहे, पण अक्षरं जाड, गोल झालेली. उलट करा: साल स्वच्छ, कारण ते आतल्या बाजूला, आजूबाजूच्या नक्षीच्या आडोशाला आहे. खालच्या नक्षीत मुंबई टांकसाळीचं ‘बी’ अक्षर आहे. ते आत खोदलेलं आहे, म्हणून वरचा थर गेला तरी वाचता येतं. रंग राखाडी, अक्षरांच्या कडांना काळपट मळ, उंच भाग जरा फिकट. बोटाने कड फिरवली तर दाते अजून जाणवतात, फक्त धार गेलेली. हे नाणं पानाला शोभणारं आहे, आणि पुढची सात याच्याशी ताडून घ्यायची. असं एक नमुन्याचं नाणं आधी मिळवा आणि खरेदीला जाताना सोबत ठेवा. नुसत्या आठवणीवर जुळवलेली झीज घरी येऊन कधीच जुळत नाही.

टांकसाळीच्या खुणांबद्दल इथेच एक महत्त्वाचं. एडवर्डचं ‘बी’ खोदलेलं म्हणून टिकतं. पंचम जॉर्जच्या नाण्यांवर मुंबईची खूण म्हणजे खालच्या फुलाजवळचं उठावाचं छोटं टिंब. कलकत्त्याच्या नाण्यांना खूण नाही. आता झिजलेल्या नाण्यावर ते टिंब पुसून गेलं, तर मुंबईचा रुपया कलकत्त्याचा दिसतो. म्हणून टिंब दिसत नाही एवढ्यावर ‘कलकत्ता’ असं लिहू नका. ती जागा भिंगाखाली, दिवा आडवा धरून बघा. सपाट जागेवर किंचित फुगीरपणा दिसला तर मुंबई. ती जागाच पूर्ण झिजली असेल तर टांकसाळीचा रकाना मोकळा सोडा. १८६२ साल घातलेल्या मुंबईच्या रुपयांचंही असंच आहे. हे साल १८७४ पर्यंत गोठलेलं राहिलं आणि पुढची वर्षं सालाखालच्या टिंबांनी दाखवली गेली. झिजलेल्या रुपयावर ती टिंबं मोजण्याच्या फंदात नवख्याने पडू नये.

चौथी पायरी: चार हत्यारं

दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, एक चुंबक आणि मोबाईलचा टॉर्च. व्हर्नियर मिळाला तर उत्तम: रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, अधेलीचा चोवीस, पावलीचा एकोणीस, चवलीचा पंधरा.

काट्याचा उपयोग नीट समजून घ्या. झिजलेला रुपया ११.६६ भरणार नाही, बहुधा ११.२ ते ११.५ च्या दरम्यान येतो. नक्षी टवटवीत आणि वजन ११ ग्रॅम असेल तर काहीतरी चुकतंय, नाणं साच्यात ओतलेली नक्कल असू शकतं. उलटही तितकंच खरं आहे: चेहरा पूर्ण गेलेला आणि वजन मात्र पुरं ११.६६, हे होऊ शकत नाही. झीज आणि वजन यांची जोडी जमली पाहिजे. बाजारातल्या बऱ्याच नकला एवढ्या एका मोजणीत पकडल्या जातात, कारण नकल करणारा चेहरा झिजवतो पण वजनाचा हिशेब करत नाही. पावली-चवलीत झीज टक्केवारीने जास्त असते, तिथे थोडी सूट द्या.

पाचवी पायरी: सोलापुरात शोध कुठे घ्यायचा

सुरुवात घरातून. देवघरातल्या लक्ष्मीपूजनाच्या रुपयांना हात लावायची गरज नाही. आजीला विचारून फोटो काढा, साल लिहून घ्या, नाणं परत जागेवर ठेवा. घरातल्या माणसांशी या नाण्यांबद्दल बोललात की इतर ठिकाणची नाणी आपोआप समोर येतात. मावशीच्या कपाटात, काकांच्या जुन्या पाकिटात काहीतरी असतंच.

मग सराफ. मधल्या मारुतीच्या परिसरातल्या पेढ्यांवर फिरताना चकचकीत रुपया मागू नका. विचारा, “शेठ, मोडीत आलेली जुनी नाणी वितळवायच्या आधी बघायला मिळतील का?” बहुतेक वेळा उत्तर असं येतं: “हे घासलेलं कशाला घेताय ओ, चांगलं देतो की.” हसून सांगा की मला असंच हवंय. दोन-तीनदा गेलात की तो माणूस तुमच्यासाठी डबा बाजूला ठेवायला लागतो. वेळ मात्र निवडा. धनत्रयोदशी आणि दिवाळीच्या तोंडावर जुन्या रुपयाला पूजेची मागणी असते, भाव चढतो आणि कुणाला बोलायला फुरसत नसते. पितृपंधरवड्यात पेढी शांत असते, तेव्हा निवांत बसून डबा उलटा करून बघता येतो.

दिवाळीच्या दिवसांत अजून एक सांभाळा: ‘राणी छाप’ म्हणून आजच्या काळात पाडलेली नाणीही विकली जातात. चांदी असते, पण नाणं कालचं असतं. त्यांवर झीज नसते, अक्षरं मऊ आणि गोलसर असतात. पावतीवर काय लिहिलंय ते बघूनच पैसे द्या.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत आणि एरवी रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे जुनी नाणी मांडलेली दिसतात. तिथे बघा जरूर, पण एक ओळखून ठेवा: ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान, आणि साल १६१६, १७१७ किंवा १८१८. ही कंपनीची नाणी नाहीतच. नंतर कुणीतरी बनवलेले बिल्ले आहेत, आणि त्यांच्यात जादू असल्याच्या गोष्टी सांगून ते अवाच्या सवा किमतीला गळ्यात मारले जातात.

सोलापुरातल्या डब्यात एक खास पाहुणा हमखास सापडतो: निजामाचा हाली सिक्का. तुळजापूर, नळदुर्ग हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि सोलापूर हद्दीवरची बाजारपेठ. चारमिनार छापलेला हा रुपया ब्रिटिश रुपयापेक्षा हलका, ११.१८ ग्रॅमचा, आणि चांदीही कमी, ८१.८ टक्के. साल हिजरी असतं. सराफाने तो कलदाराच्या भावाने लावला तर तुमचं नुकसान. पण पुढे कधी ‘हद्दीपलीकडचं’ असं एक पान करायचं मनात असेल तर हा रुपया सोडू नका. माझ्या मते सोलापूरकराच्या आल्बममध्ये चारमिनार नसेल तर काहीतरी राहून गेलं.

भाव ठरवताना सूत्र असं: नाण्याचं प्रत्यक्ष वजन, गुणिले ०.९१७ (१९४० किंवा त्यानंतरचं असेल तर ०.५), गुणिले त्या दिवशीचा शुद्ध चांदीचा ग्रॅमचा भाव. हा झाला धातूचा आकडा. मोडीत घेताना सराफ घट कापून यापेक्षा कमी देतो, विकताना थोडं वर सांगतो. साध्या सालाच्या झिजलेल्या रुपयाला धातूच्या आकड्यावर थोडासा चढ द्यायला हरकत नाही. तुमची मर्यादा आधी ठरवून वहीत लिहा. ‘फार जुनं आहे’ एवढं कारण देऊन कुणी दुप्पट मागितले तर उठून या.

ऑनलाइन खरेदी पहिलं पान भरेपर्यंत टाळा. झीज जुळते का हे फोटोवरून कळायला सरावलेला डोळा लागतो. आणि ‘तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे फोन आले तर बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार होतात म्हणून बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं.

सहावी पायरी: काय नाकारायचं

घासलेलं नाणं नाकारा. चिंच, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर, सराफाचं तेजाब, यांतल्या कशानेही नाणं पांढरंफटक होतं आणि अक्षरांच्या कडेचा मळ जातो. झिजलेल्या नाण्यावर तोच मळ आकृतीला उठाव देतो. तो गेला की राणीचा चेहरा दिसेनासा होतो. टॉर्च जवळजवळ आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. एकाच दिशेला जाणारे बारीक ओरखडे चमकले, तर ते नाणं कुणीतरी घासलंय. खरी झीज कुठल्याही एका दिशेची नसते.

डाग दिलेलं, म्हणजे कडी झाळून जोडलेलं नाणंही सोडा. पुष्कळ रुपये दागिन्यात गेले होते. कडेला कडी जोडलेली असते आणि ती काढून टाकल्यावर तिथे दात्यांची जागा गुळगुळीत, जरा पिवळट राहते. बारा वाजण्याच्या आणि सहा वाजण्याच्या जागी कड नीट बघा.

भोक पाडलेल्या रुपयांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. सोलापूरच्या आसपासच्या तांड्यांवरच्या लमाणी बायकांच्या अंगावर रुपयांच्या, अधेल्यांच्या माळा असायच्या. त्या माळांतून सुटलेली नाणी सराफाकडे येतात. मुख्य पानात ती बसत नाहीत, पण त्यांच्यासाठी शेवटी एक वेगळं पान ठेवा. भोकाच्या कडा दोऱ्याने किती गुळगुळीत झाल्यात ते बघण्यासारखं असतं. तीही वापराचीच झीज आहे, आणि एरवी ही नाणी थेट मुशीत जातात.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

नाणं कडेने धरा, तोंडावर बोट नको. माती किंवा हळद-कुंकू असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी बदला, आणि मऊ सुती कापडावर टेकवून वाळवा. पुसू नका, टिपा. चिकटपट्टीचा गोंद किंवा जुन्या प्लास्टिकचा हिरवट चिकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं ठेवावं लागतं. ते काचेच्या भांड्यात, खिडकी उघडून, गॅसपासून लांब करा. याच्यापुढे काहीही नको. काळेपणा म्हणजे चांदी आणि गंधकाचा थर, त्याला राहू द्या.

आता आल्बम. रुपयासाठी तयार खाचांचा आल्बम शोधत बसू नका, आपला आपण बनवलेला सगळ्यात सोयीचा. दोन इंची चौकोनी पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, ज्यांना मायलारची पारदर्शक खिडकी असते. रुपयाला ३२.५ मिलिमीटरची खिडकी, अधेलीला २५ किंवा २७.५, पावलीला २० किंवा २२.५, चवलीला १७.५. वीस कप्प्यांची पानं आणि रिंगची फाईल. पानं घेताना ‘पीव्हीसी नसलेली’ असं विचारून घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मऊ, वास येणारी पानं पीव्हीसीची असतात, आणि उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाणाऱ्या आपल्या गावात ती लवकर घाम सोडतात. त्याचा हिरवा चिकट थर चांदीवर बसतो.

होल्डरवर लिहायचं ते नाणं घालण्याआधी लिहा: साल, टांकसाळ, वजन, कुठून घेतलं, किती दिले. मग नाणं मधोमध ठेवून पुठ्ठा दुमडा आणि तिन्ही उघड्या बाजूंना स्टेपल मारा. स्टेपलचे पाय पक्कडीने दाबून सपाट करा. हे काम लोक टाळतात, आणि मग एका होल्डरची पिन शेजारच्या खिडकीला फाडते.

पान लावताना सगळी नाणी टेबलावर मांडून, दिवसाच्या उजेडात, चार पावलं मागे जाऊन बघा. एखादं फारच उजळ किंवा फारच काळं असेल तर लगेच डोळ्यात भरतं. ते काढा, जागा मोकळी ठेवा. चेहरा उभा, सगळ्यांचा एकाच रेषेत. होल्डर पाठीमागूनही दिसतात, तेव्हा उलटी बाजूही सरळ आहे ना ते तपासा.

फाईल उभी ठेवा, लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला न लागता. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी आत टाका आणि अधूनमधून बदला. रबर बँड फाईलभोवती कधीच नको, रबरातल्या गंधकाने चांदी डागाळते. वर्तमानपत्रात गुंडाळणंही तसंच.

पहिलं पान अर्धं झालं की मुंबईला एक फेरी करा. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली की सकाळी फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय बघता येतं. उघडं असण्याचे दिवस आधी पाहून घ्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालयही बघण्यासारखं. काचेमागची उत्तम प्रतीची नाणी एकदा डोळ्यांखालून गेली, की आपल्या नाण्यावरून नेमकं काय झिजून गेलंय ते कळतं.

कायद्याचं थोडं

शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात येतं. घरी ठेवायला अडचण नाही, पण ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या पुतण्याला कुरियरने एडवर्डचा रुपया भेट पाठवायचा विचार असेल तर सोडा. शेतात नांगरताना किंवा वाडा पाडताना पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कुणी ‘शेतात सापडलीत’ म्हणून हंडाभर नाणी दाखवली, तर ती खोटी तरी असतात किंवा घेणं बेकायदा तरी. दोन्ही बाजूंनी तोटाच.

अवघड जागा

पुढे कधी पंचम जॉर्जच्या रुपयांचं पान केलंत, तर त्यात १९११ ची जागा त्रास देते. त्या वर्षीच्या नाण्यांवर राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड मुसलमान समाजातून झाली. बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले गेले आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला. झिजलेल्या नाण्यावर तो प्राणी दिसणारच नाही, त्याची गरजही नाही; १९११ साल असलेला रुपया म्हणजे तोच. झिजलेल्या प्रतीतच तो आपल्यासारख्याला घेता येतो, तरी थांबून, दोन-चार ठिकाणी भाव विचारून घ्या. १९२१ आणि १९२२ चे रुपयेही कमी दिसतात. त्याउलट १९१८ चा इतका मिळतो, की पहिल्याच डब्यात त्याची जागा भरेल. घाई न करता, रंग जुळणारा घ्या.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया मात्र विसरून जा. तो फार दुर्मिळ आहे, आणि बाजारात जे ‘१९३९’ दिसतात त्यांत दुसऱ्या सालाचा आकडा कोरून बदललेले पुष्कळ. राजवटींच्या पानाला १९३८ चा चालतो, आणि १९४० नंतरचा घेतलात तर अर्ध्या चांदीचा नमुनाही पानावर येतो. कड बघा, १९४० नंतरच्या पुष्कळ रुपयांना दात्यांच्या मधोमध खाच असते. मी स्वतः तो अर्ध्या चांदीचाच ठेवेन.